जालनापूर आणि कंपनी सरकारचा पत्रव्यवहार

इतिहास म्हटला की राजे, सेनापती, किल्ले आणि लढाया हेच सामान्यतः आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात, व ते साहजिकही आहे. तथापि गेल्या सव्वादोनशे वर्षांत आपल्या जालना परिसराचे भवितव्य ज्या साधनांनी ठरविले, त्यांत तलवारीच्या बरोबरीने कागदाचाही वाटा होता. हा कागद लंडन, कलकत्ता, मुंबई, पुणे आणि हैदराबाद या शहरांच्या दरम्यान फिरत होता. तो लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी जालना कधी पाहिले नव्हते. आणि ज्यांच्या गावांविषयी तो लिहिला जात होता, त्या आपल्या पूर्वजांना त्याचा गंधही नव्हता.

आपल्या ज्ञातीतील कित्येक कुळांची घरे अजिंठ्याच्या डोंगराच्या अलीकडे व पलीकडे, तसेच गोदावरीच्या या तीरावर व नेवासे-शेवगावाकडच्या त्या तीरावर विभागलेली आहेत. इकडचे ते "मोगलाईतले" आणि तिकडचे ते "इंग्रजीतले", असा भेद वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यात सहज येत असे. एकाच देवकाची, एकाच कुलस्वामिनीला नवस करणारी माणसे दोन राज्यांची प्रजा कशी झाली? ही वाटणी कोणी केली, केव्हा केली आणि कोठे बसून केली? या प्रश्नांचे उत्तर ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात आहे. ते ज्ञातिबांधवांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कंपनीचा कारभार म्हणजे पत्रांचा कारभार

इ. स. १६०० च्या अखेरीस लंडनमध्ये स्थापन झालेली ही व्यापारी मंडळी मिरी, नीळ आणि कापड यांच्या खरेदीसाठी इकडे आली. मालक हजारो मैलांवर आणि नोकर येथे, अशी तिची स्थिती असल्यामुळे विश्वासाची जागा लिखाणाने भरून काढणे तिला भागच होते. मुंबईच्या गव्हर्नराने आपल्या मनाने काही ठरवावयाचे नाही. कौन्सिलची बैठक भरवावयाची, प्रत्येक सभासदाने आपले मत सांगावयाचे, आणि मतभेद असल्यास तोही नोंदवावयाचा, असा दंडक होता. या बैठकींच्या वह्यांच्या नकला करून त्या लंडनला पाठवीत. तेथील डायरेक्टरांची सभा त्या वाचून उत्तर देई. या पत्रांतील परिच्छेदांना अनुक्रमांक घातलेले असत आणि उत्तर देणाऱ्याने त्या क्रमांकांचा उल्लेख करून एकेका मुद्द्याचा निकाल लावावयाचा, अशी रीत होती. आपल्याकडील चिटणिसी दप्तराची शिस्त कमी नव्हती. पण प्रत्येक निर्णयामागचा विचारही कागदावर उतरलाच पाहिजे, हा कंपनीचा आग्रह वेगळा होता. तो ज्ञानप्रेमातून आलेला नव्हता. नोकर चोरी करतील, या धास्तीतून तो आला होता.

जहाज बुडाले किंवा शत्रूने पकडले तर पत्र गहाळ होऊ नये म्हणून एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या जहाजांतून रवाना करीत. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जाणाऱ्या गलबताला पाच ते आठ महिने लागत. निकडीची पत्रे बसऱ्याच्या मार्गाने खुष्कीने पाठवीत. ती त्या मानाने लवकर पोहोचत, परंतु वाटेत धोकाही तितकाच असे. एकंदरीत पाहता मुंबईतून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मुंबईस परत येईपर्यंत वर्ष, दीड वर्ष, प्रसंगी दोन वर्षेही लोटत. तोवर प्रश्न विचारणारा गव्हर्नर बदलून गेलेला असे, किंवा ज्याविषयी विचारले ते संकट टळून दुसरेच उभे राहिलेले असे.

या विलंबातून केवढे अनर्थ घडत, याचे उदाहरण मराठ्यांच्या इतिहासातच आहे. १७७३ च्या कायद्याने कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलला मुंबई व मद्रास येथील कारभारावर देखरेखीचा अधिकार मिळाला होता. असे असता मुंबईकरांनी मार्च १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेस परस्पर तह केला. कलकत्त्याच्या कौन्सिलने तो अमान्य केला आणि कर्नल अप्टन यास पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुणे दरबाराशी पुरंदरचा तह केला. इतक्यात लंडनच्या डायरेक्टरांचे पत्र येऊन पोहोचले. त्यात सुरतेचा तहच मान्य केलेला होता! एक हुकूम पश्चिमेकडे ओढतो आहे, दुसरा पूर्वेकडे, आणि तिसरा समुद्रापलीकडून येऊन दोहोंचाही घोळ करून टाकतो आहे, असा हा प्रकार होय. या घोळातून वडगावची इंग्रजांची नामुष्की आणि पुढे १७८२ चा सालबाईचा तह निष्पन्न झाला. नाना फडणिसांना इंग्रजांच्या या त्रिमुखी कारभाराचे मर्म चांगले उमगले होते.

परंतु इंग्रजही शिकले. १७८६ पासून चार्ल्स मॅलेट हा पुण्यास रेसिडेंट म्हणून येऊन राहिला, व १७९७ पर्यंत त्याने दरबारातील बारीकसारीक वार्ता मुंबईस व कलकत्त्यास कळविल्या. पुणे रेसिडेन्सीचा हा पत्रव्यवहार सर जदुनाथ सरकार व रियासतकार गोविंदराव सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३६ पासून खंडशः प्रसिद्ध झाला. मार्च १७९५ मध्ये खर्ड्यास निजामाचा पराभव झाला त्या वेळी इंग्रज तटस्थ राहिले. त्या पराभवाने खचलेल्या निजामअलीने १ सप्टेंबर १७९८ रोजी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. या एका करारामुळे आपल्या प्रदेशाच्या दारात इंग्रजांचे पलटण येऊन उभे राहिले, हे पुढील कथाभाग समजण्यासाठी लक्षात ठेवावयास हवे.

१८०३ सालातील कागद

जालना हे तेव्हा नवे गाव नव्हते. कुंडलिकेच्या काठची ही पेठ मोगल काळापासून नावाजलेली होती, आणि १७२५ मध्ये आसफजाहच्या हुकुमावरून काबिलखानाने येथे किल्ला बांधला होता. अठराव्या शतकात मराठे व निजाम यांच्या दरम्यान या मुलखाची ओढाताण होत राहिली आणि १८०३ साली जालना दौलतराव शिंद्यांच्या ताब्यात होते. इंग्रजी पत्रांत त्याचा उल्लेख "जालनापूर" असा, तर कोठे "जॉलना" असा येतो. बदनापूरचे "बुडनापूर", असईचे "असाये" आणि अजिंठ्याचे "अजंती" ही रूपेही त्या पत्रांत आढळतात.

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईस तह करून इंग्रजांचे संरक्षण घेतले. हा तह शिंदे व नागपूरकर भोसले यांस पसंत पडणे शक्य नव्हते. शिंद्यांच्या लष्करात कर्नल कॉलिन्स हा कंपनीचा रेसिडेंट होता. युद्ध की तह, हे स्पष्ट सांगा, असा त्याने तगादा लावला, तेव्हा २८ मे १८०३ रोजी दौलतरावांनी त्यास उत्तर दिले की, भोसल्यांची भेट झाल्यावर काय ते कळेल. हे वाक्य कॉलिन्सने तत्काळ कलकत्त्यास लिहून पाठविले, आणि तेथे ते धमकी म्हणून वाचले गेले.

गव्हर्नर जनरल मार्क्विस वेलस्ली याने या वेळी पत्रव्यवहाराच्या इतिहासातील एक मोठी युक्ती केली. कलकत्त्याहून दख्खनेत पत्र पोहोचावयास सुमारे तीन आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत शत्रू कोठल्या कोठे जाईल, हे ओळखून त्याने २६ जून १८०३ च्या पत्राने आपला धाकटा भाऊ मेजर जनरल आर्थर वेलस्ली यास दख्खनेतील सर्व लष्करी व राजकीय अधिकार एकत्र देऊन टाकले. युद्ध पुकारावे की न पुकारावे, तह कोणत्या अटींवर करावा, हे त्याने जागच्या जागी ठरवावयाचे होते. ज्या कंपनीने दोनशे वर्षे आपल्या नोकरांवर अविश्वास दाखवून वह्यांवर वह्या लिहवून घेतल्या, तिचा सारा अधिकार असा एका छावणीतील तंबूत येऊन बसला. लंडनच्या डायरेक्टरांना तर युद्ध सुरू झाल्याचे वर्तमान कळावयाच्या आतच ते जवळजवळ आटोपले होते.

पुढील काही आठवडे छावण्या-छावण्यांतून खलित्यांची देवघेव चालली. वेलस्लीचे म्हणणे, शिंद्यांनी नर्मदेपलीकडे व भोसल्यांनी नागपुरास परत जावे. मराठ्यांचे म्हणणे, आधी इंग्रजांनी आपल्या फौजा मुंबई, मद्रास व श्रीरंगपट्टण येथे परत न्याव्यात. आधी पाऊल कोणी मागे घ्यावयाचे, यावर सारे अडले. ३ ऑगस्ट रोजी कॉलिन्स शिंद्यांची छावणी सोडून औरंगाबादेकडे निघाला. ६ ऑगस्ट रोजी अहमदनगरजवळच्या छावणीतून वेलस्लीने दौलतरावांस लिहिले की, सन्मानाचा तह आपण देऊ केला असता तुम्ही युद्ध पत्करले आहे, तेव्हा परिणामांची जबाबदारी तुमची. योगायोग असा की, त्याच दिवशी हैदराबादेस निजामअली मरण पावला आणि सिकंदरजाह गादीवर आला.

१२ ऑगस्ट रोजी अहमदनगरचा किल्ला पडला. २ सप्टेंबर १८०३ रोजी हैदराबादच्या तैनाती फौजेचा सेनापती कर्नल स्टीव्हन्सन याने जालन्याचा किल्ला घेतला. जालन्याच्या इतिहासातील हा मोठा दिवस. परंतु वेलस्लीच्या पत्रव्यवहारात त्यास फार जागा मिळालेली नाही. त्याच्या पत्रांत त्याहून कितीतरी अधिक जागा बैल, तांदूळ, दारूगोळा आणि बंजाऱ्यांचे तांडे यांनी व्यापलेली आहे. धान्य कोठे मिळते, बैल किती मेले, नदीला उतार केव्हा पडेल, बंजाऱ्यांस पैसे वेळेवर मिळाले की नाही, याची चौकशी तो रोज करीत असे. आम्हांस वाटते की, इंग्रजांच्या यशाचे रहस्य शोधणाऱ्याने लढाईच्या वर्णनांपेक्षा ही रूक्ष पत्रे अधिक मन लावून वाचावीत.

भोकरदन या एका शब्दाचा घोटाळा

२१ सप्टेंबर रोजी वेलस्ली व स्टीव्हन्सन बदनापूर येथे भेटले. दोघांनी दोन वाटांनी जाऊन २४ तारखेस शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर एकदम चालून जावे, असे ठरले. शत्रू भोकरदनला आहे, अशी खबर हरकाऱ्यांनी दिली होती. परंतु २३ तारखेस नळणीजवळ मुक्कामास येताच वेलस्लीस कळले की, शत्रू अगदी जवळ, केळणेच्या काठी आहे. हे कसे घडले? थॉमस मन्रो या अधिकाऱ्याने त्याच्या डावपेचांविषयी शंका घेतली, तेव्हा वेलस्लीने त्यास सविस्तर पत्र लिहून याचा उलगडा केला. त्याचा आशय असा: मराठ्यांच्या छावणीची उजवी बाजू भोकरदनला होती, आणि भोकरदन हे त्या भागाचे मुख्य ठिकाण असल्याने साऱ्या टापूलाच ते नाव होते, पायदळ मात्र डाव्या बाजूस, तेथून सहा ते आठ मैलांवर असईपाशी होते. हरकाऱ्यांनी परगण्याचे नाव सांगितले. साहेबाने ते गावाचे समजले.

आपल्याकडे आजही "मी अंबडचा" असे सांगणारा मनुष्य अंबड तालुक्यातील एखाद्या खेड्याचा निघतो. बोलण्याच्या या साध्या सवयीने एका लढाईची जागा व दिवस बदलावा, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. स्टीव्हन्सनची वाट न पाहता वेलस्लीने त्याच दिवशी हल्ला केला. नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. पण पिंपळगाव व वरूड ही दोन गावे दोन तीरांवर समोरासमोर दिसताच, त्यांच्यामध्ये वहिवाटीचा उतार असलाच पाहिजे, असा त्याने तर्क केला व तो खरा ठरला. केळणा व जुई या नद्यांमधील जमिनीवर शिंद्यांच्या तोफखान्याने विलक्षण शौर्य गाजविले. या पायदळाने व तोफांनी तुम्ही थक्क व्हाल, असा इशारा कॉलिन्सने औरंगाबादेस आधीच दिला होता. तो अक्षरशः खरा ठरला. प्रत्यक्ष लढलेल्या सुमारे साडेचार हजारांपैकी इंग्रजांच्या बाजूचे मृत, जखमी व बेपत्ता मिळून दीड हजारांहून अधिक झाले. शिंद्यांच्या शंभराच्या आसपास तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशी पोहोचला. जखमींसाठी पुढे अजिंठ्यास रुग्णालय उघडण्यात आले.

लढाईनंतर जो अहवाल रवाना झाला त्यात पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे आहेत. एतद्देशीय सुभेदार, जमादार व शिपाई यांचे मात्र केवळ आकडे आहेत. कंपनीच्या निशाणाखाली पडलेले ते शिपाई बहुतांशी मद्रासकडचे होते. समोरच्या बाजूने पडलेल्यांचा तर अदमासच दिलेला आहे. कंपनीचे दप्तर कितीही काटेकोर असले तरी कोणाचे नाव लिहावयाचे आणि कोणाचा आकडा मांडावयाचा, हे लिहिणाराच ठरवीत होता.

तहनाम्यातील एक ओळ

२९ नोव्हेंबरला आडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड येथे मराठ्यांचा मोड झाला. उत्तरेत जनरल लेकने दिल्ली व लासवाडी येथे शिंद्यांच्या पलटणींचा पराभव केला होता. भोसल्यांशी १७ डिसेंबर रोजी देवगावचा, तर शिंद्यांशी ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. शिंद्यांच्या वतीने विठ्ठल महादेव, मुनशी कमलनयन, यशवंतराव घोरपडे व नारो हरी हे बोलणी करीत होते. यांपैकी विठ्ठलपंतांची छाप वेलस्लीवर इतकी पडली की, पुढे युरोपात फ्रान्सचा सुप्रसिद्ध मुत्सद्दी तालिरां याच्याशी त्यांची तुलना करून, तालिरां त्यांच्याइतका हुशार नव्हे, असे तो म्हणाल्याचे सांगतात.

या तहातील एका कलमाने, अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेस शिंद्यांचा जो मुलूख होता तो सर्व, "जालनापूर"चा किल्ला व परगणा यांसह गोदावरीपर्यंत, कंपनी व तिचे दोस्त यांच्या स्वाधीन झाला. शिंद्यांच्या घराण्याकडे पूर्वापार चालत आलेली काही गावे मात्र त्यांच्याकडेच ठेवली; त्यांत जामगाव, श्रीगोंदे यांच्याबरोबर अंबड परगण्यातील सहा गावांचाही उल्लेख आहे. पुढे २८ एप्रिल १८०४ च्या हैदराबादच्या वाटणी-तहाने जालन्यासह हा मुलूख निजामाकडे गेला. ज्याची फौज दोस्त म्हणून लढली, त्यास बक्षीस म्हणून हा प्रदेश मिळाला.

वास्तविक इंग्रजांना या मुलखाचे प्रेमही नव्हते आणि वैरही नव्हते. त्यांस सोयीची सरहद्द हवी होती, आणि डोंगर व नदी या दोन रेषा नकाशावर ठळक दिसत होत्या. परंतु त्या ओळीचे आपल्यावर झालेले परिणाम पाहा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा अहमदनगर व खानदेश इंग्रजी अमलाखाली गेले. आपण मोगलाईत राहिलो. १८५३ नंतर वऱ्हाडचा कारभारही इंग्रजांकडे गेल्यामुळे शेजारचे सिंदखेड-देऊळगावदेखील निराळ्या व्यवस्थेत गेले. तिकडे मराठी शाळा, मराठी वर्तमानपत्रे व मराठी कचेऱ्या वाढत असता इकडे राज्यकारभार आधी फारशीत व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूत चालला. समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जांब ज्या प्रदेशात आहे, त्या प्रदेशातील मुलांना उच्च शिक्षण मायबोलीत मिळू नये, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता? सोयरीक डोंगरापलीकडे केली तर मुलीचे माहेर एका राज्यात व सासर दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. १८०४ ते १९४८ अशी १४४ वर्षे एका तहनाम्यातील ओळीची सत्ता आपल्यावर चालली.

तो अंमल सर्वस्वी वाईटच होता, असे मात्र आमचे म्हणणे नाही. त्या काळात हिंदु-मुसलमान एकमेकांच्या सणावारांत मिसळत, आणि जालन्याची बाजारपेठ भरभराटीस आली ती त्याच अमलात. उर्दू जाणणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी त्या भाषेतील गोडवाही आपल्या घरात आणला. प्रश्न एवढाच की, आपले भवितव्य ठरविताना आपणांस कोणी विचारले नाही.

आपले कर्तव्य

कंपनीचे कागद आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, मुंबईच्या पुराभिलेखागारात व हैदराबादेस काळजीपूर्वक जतन केलेले आहेत. वेलस्लीची पत्रे तर त्याच्या हयातीतच छापली गेली. त्यामुळे १८०३ सालची हकीगत लिहावयास बसणारा कोणीही त्याच्याच डोळ्यांनी असई पाहतो. आपली बाजू सांगणारे कागद नव्हतेच, असे नाही. गावोगावच्या पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, सावकार व उदमी यांच्या घरी मोडी दप्तरे होती. वतनाचे महजर, खरेदीखते, कर्जरोखे, लग्नाच्या याद्या, निजामशाहीतील मुंतखब, अशा कागदांनी भरलेली गाठोडी माळ्यावर असत. त्यांतील किती पावसाने भिजली, किती वाळवीने खाल्ली आणि घर पाडताना किती चुलीत गेली, याची गणतीच नाही.

ज्या सत्तेने आपले कागद जपले तिचे म्हणणे जगाने ऐकले, आणि ज्यांनी आपले कागद गमावले त्यांचा उल्लेख दुसऱ्याच्या कागदात आकड्यापुरता झाला, हा धडा आपण घेतला पाहिजे. म्हणून ज्ञातिबांधवांस आमची नम्र सूचना आहे. आपापल्या घरातील जुने रुमाल सोडून पाहावेत. मोडी, फारशी वा उर्दू वाचता येत नाही म्हणून कोणताही कागद टाकून देऊ नये. कोरड्या जागी, स्वच्छ कापडात तो बांधून ठेवावा आणि शक्य झाल्यास त्याची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. तरुण मंडळींपैकी निदान काही जणांनी मोडी लिपी शिकून घ्यावी. बाळबोध येणाऱ्यास ती थोड्या महिन्यांच्या सरावाने साधते. आणि वडीलधाऱ्यांनी "आपले मूळ गाव कोणते, तेथून येथे केव्हा व का आलो" ही हकीगत नातवंडांना तोंडी सांगून न थांबता, एका वहीत सन व गावांच्या नावांसह लिहून काढावी.

भोकरदन म्हणजे गाव की परगणा, हे त्या दिवशी साहेबास कळले नाही. पण ते कळणारी माणसे या मुलखात होती. आपल्या मुलखाविषयी जे आपणांस ठाऊक आहे, ते आपणच लिहून ठेवावयाचे आहे. ज्या घरी असा एखादा कागद सापडेल, त्या घराने मंडळास अवश्य कळवावे, अशी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.